दहावीचं इंग्रजी : फिगर ऑफ स्पीच आणि शब्द पाठच करून घ्यायचे का?

चोपडेकर_मास्तर

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. सहामाही तोंडावर आली आहे, म्हणून जरा तुमचं डोकं उसनं मागतोय.

दहावीच्या थर्ड लँग्वेज इंग्रजीत कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण. शीर्षक आणि कवी अर्धा-अर्धा, ऱ्हाइम स्कीम (यमकांची रचना) एक, फिगर ऑफ स्पीच (अलंकार) एक, आशय दोन. पोरांनी सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), पर्सॉनिफिकेशन (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) यांच्या व्याख्या चोख पाठ केल्यात. झोपेतून उठवा, म्हणून दाखवतील. पण न शिकवलेली कविता पुढे ठेवली की नजर फक्त 'लाइक' आणि 'अ‍ॅज' शोधते. परवाच्या चाचणीत 'आय लाइक टू सिंग' या ओळीला निम्म्या वर्गाने सिमिली ठरवलं. त्यातल्या काहींनी तर स्पेलिंगमधला एक आय गाळून 'स्माइल' लिहिलं.

शब्दांचंही तेच. रोज पाच शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. वह्या सुंदर भरल्यात, पण आठवड्याने तोच शब्द धड्यात भेटला की पोरगं माझ्याकडे असं बघतं की जणू ओळखच नाही.

वरून सूचना आहे की एका गुणासाठी तासिका घालवू नका, यादी पाठ करून घ्या. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही नीट ठरत नाही. मराठीतले उपमा-रूपक आधी उजळवून घ्यावेत की थेट इंग्रजीतून जावं? आणि शब्द टिकावेत म्हणून तुम्ही काय करता? शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

भरीत_पार्टी

सर, 'आय लाइक टू सिंग' सिमिली नसेल, पण आमच्या वर्गातला एक जण गायला लागला की ते ट्रॅजेडी नक्की होतं. त्याचे गुण मिळतात का?

गिरणाकाठ

मास्तर, 'लाइक'चा रोग सगळीकडे आहे. मी भडगावकडे शिकवते. माझ्यापुरता उपाय सांगते.

फळ्यावर तीन वाक्यं लिहिते. 'ही लुक्स लाइक हिज फादर.' 'शी लाइक्स मँगोज.' 'ही रोअर्स लाइक अ लायन.' व्याख्येचं नावही काढत नाही. फक्त विचारते, कुठल्या वाक्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आणल्यात? पोरगा आणि बाप दोघंही माणसंच, तिथे नुसतं साम्य सांगितलंय. आंब्याच्या वाक्यात तुलनाच नाही, ते क्रियापद आहे. माणूस आणि सिंह यांची जात वेगळी आणि गुण एक, डरकाळी. तिसऱ्या वाक्यावर वर्ग आपोआप थांबतो. मग सांगते की याला सिमिली म्हणतात. नाव शेवटी.

त्यानंतर पोरांना स्वतःची वाक्यं करायला लावते, आधी घरच्या भाषेत. एकाने लिहिलं होतं, 'मोठा भाऊ म्हणजे आमच्या गावची डीपी, कधी उडेल सांगता येत नाही.' मेटाफर! इंग्रजी करताना 'माय ब्रदर इज अ ट्रान्सफॉर्मर' झालं. शहरातली पोरं वाचून काय समजतील ते समजोत.

तापीचं_पाणी

डीपी 😂😂 आमच्या घरात दोन आहेत.

निवृत्त_परीक्षक

मी वेगळी बाजू मांडतो, राग नसावा. अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.

पाठांतराला इतकं हिणवू नका. २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पाचवीला एबीसीडी आणि दहावीला अलंकार, मध्ये पाच वर्षं. त्या काळात आम्ही यादी पाठ करून घेतली, पोरं पास झाली, नोकरीला लागली. ज्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच मूल आहे, त्याला काव्यानंदाच्या गोष्टी सांगून पस्तीसच्या खाली ठेवणं हा अन्याय आहे. तो एक गुण हातात द्या, आनंद नंतर घेईल.

बाकी तांत्रिक सूचना : नुसतं 'सिमिली' लिहून थांबू देऊ नका. कवितेतली ओळ, अलंकाराचं नाव आणि कशाची कशाशी तुलना केली ते एका वाक्यात लिहू द्या. ही सवय नववीतच लागली पाहिजे.

गिरणाकाठ

काका, तुमची तांत्रिक सूचना डोक्यावर घेते. पण 'कशाची कशाशी तुलना' हे पाठ करून कसं लिहिणार? तिथे तर समजावंच लागतं. म्हणजे तुम्हीही माझ्याच बाजूला आलात की.

निवृत्त_परीक्षक

वकिली सुरू करा ताई, चांगली चालेल.

धडगावची_मास्तरीण

मास्तरांनी विचारलंय, मराठी अलंकार आधी घ्यावेत का. आमच्याकडे हा प्रश्नच वेगळा होतो. माझ्या वर्गात घरी पावरी बोलणारी मुलं आहेत, काही भिलीच्या वेगवेगळ्या बोली बोलणारी. त्यांना मराठी हीच शाळेत येऊन शिकलेली भाषा. उपमेय, उपमान, साधारण धर्म ही नावं त्यांना सिमिली इतकीच परकी. मराठीतून इंग्रजीत नेते म्हटलं तर एकाऐवजी दोन चढ चढवल्यासारखं होतं.

म्हणून मी ओनोमॅटोपियापासून, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांपासून सुरू करते, कारण आवाज सगळ्यांकडे आहेत. पत्र्यावर पाऊस पडतो तो आवाज तुमच्या घरी कसा म्हणतात? वाळल्या पानांवरून शेळी गेली तर? दगड डोहात टाकला तर? प्रत्येक बोलीतला आवाज फळ्यावर येतो, शेजारी स्प्लॅश, रसल, थड, हिस, बझ. मुलं इतका दंगा करतात की शेजारच्या वर्गातले सर डोकावतात. पण दोन दिवसांनी विचारलं तर 'रसल' लक्षात असतो. वहीतल्या पाच शब्दांपैकी एकही नसतो.

मग पर्सॉनिफिकेशन. डोंगर, नदी, वारा यांना माणसासारखं वागवणाऱ्या गोष्टी त्यांच्या घरी रात्री सांगतातच. मी फक्त विचारते, या गोष्टीत डोंगराने माणसाचं कुठलं काम केलं? रुसला, पाणी दिलं नाही, लग्नाला गेला. बस, तेच इंग्रजीत.

व्याख्या शेवटच्या आठवड्यात पाठ करून घेते. निवृत्त काकांचा मुद्दा मला मान्य आहे, गुण सोडायचे नाहीत.

पुण्यातला_पाचोरेकर

छान धागा. मी शिक्षक नाही, पण एका शैक्षणिक अ‍ॅपच्या कंपनीत काम करतो. तुम्हा लोकांनी गेमिफिकेशन वापरायला हवं. प्रोजेक्टरवर क्विझ, लीडरबोर्ड, बॅजेस...

भरीत_पार्टी

प्रोजेक्टर आहे हो दादा. कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची बदली झाली.

वाघूर

आणि किल्ली सापडली की लाइट जाते. वीजबचतीवर निबंधस्पर्धा चालू असताना लाइट जाते, याला सिच्युएशनल आयरनी म्हणतात. उदाहरण फुकट घ्या मास्तर.

पुण्यातला_पाचोरेकर

हसा. बरं, वीज न लागणारी गोष्ट सांगतो. फ्रेअर मॉडेल. १९६९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. कागदाची चार घरं करायची, मधोमध शब्द. एका घरात व्याख्या, दुसऱ्यात वैशिष्ट्यं, तिसऱ्यात उदाहरणं आणि चौथ्यात 'हे त्यात मोडत नाही' अशी उदाहरणं. चोपडेकर मास्तरांचा आजार नेमका चौथ्या घरात बरा होतो. सिमिलीच्या चौथ्या घरात 'आय लाइक टू सिंग' मुलानेच लिहायचं. गिरणाकाठताईंची तीन वाक्यं म्हणजे हेच आहे, फक्त त्यांनी नाव दिलं नाही.

गिरणाकाठ

पाचोऱ्याचं नाव राखलंत. हे चौथं घर उद्याच करते.

केळीबाग

मी पालक. रावेर तालुक्यात केळी आहे, पोरगी नववीत, सेमी इंग्लिश. शाळेतलं मला फार कळत नाही, पण शब्दांचं एक सांगतो.

पोरीला धड्यातले शब्द येत नाहीत म्हणून बाई ओरडल्या. घरी आल्यावर मी म्हटलं चल बागेत. तिला म्हटलं इथे दिसतंय त्याची इंग्रजी नावं लिही. तिने लिहिलेली यादी माझ्यासमोर आहे : ड्रिप, लॅटरल, मेनलाइन, सबमेन, वॉल्व्ह, फिल्टर, व्हेंच्युरी, टिश्यूकल्चर, फर्टिगेशन, कटिंग, लोडिंग, पॅकिंग, क्वालिटी, एक्स्पोर्ट, रिजेक्ट. हे शब्द तिला कुणी शिकवले नाहीत, जन्मापासून कानावर आहेत. फक्त ते इंग्रजी आहेत हे तिला माहीत नव्हतं! लॅटरल म्हणजे बाजूची नळी, एवढंच ठाऊक. मग डिक्शनरीत बघितलं तर लॅटरल म्हणजे 'बाजूचा'. दोन दिवसांनी विज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द निघाला, तर पोरगी पळत सांगायला आली, पप्पा, आपली नळी!

दुसरी गोष्ट औषधाच्या डब्याची. कीटकनाशकाच्या लेबलवर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन' लिहिलेलं असतं. लाल सगळ्यात जहाल. म्हणजे तीन शब्द, एकाच जातीचे, पण उतरत्या जोराचे. मास्तरांनी हे वर्गात दाखवलं तर पोरं विसरणार नाहीत. शिवाय बापालाही घरी जाऊन सांगतील, त्याची जास्त गरज आहे.

वाघूर

केळीबाग भाऊ, कल्पना एक नंबर, पण डबे वर्गात आणायला सांगू नका. रिकामा धुतलेला असला तरी नको. फोनवर लेबलचा फोटो काढा आणि झेरॉक्स करा. पोरं काय हुंगतील भरवसा नाही.

केळीबाग

बरोबर. फोटोच. रंगीत झेरॉक्स मात्र लागेल, नाहीतर सगळे त्रिकोण काळे.

सुतगिरणी

केळीवाल्यांनी भाव खाल्ला, म्हणून कापूसवाल्यांकडून एक. जिनिंगमधला 'जिन' हा 'एंजिन'चाच तुकडा. 'बोंड' म्हणजे 'बोल', म्हणून बोंडअळी 'बोलवर्म'. आमच्या धरणगावकडच्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

अनुस्वार

दोन दुरुस्त्या, कारण त्या केल्याशिवाय झोप येणार नाही.

एक. मराठी अलंकारांची इंग्रजीशी एकास एक जोडी लावू नका. जणू, गमे, वाटे, भासे आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजी शाळेत 'अ‍ॅज इफ', 'अ‍ॅज दो' आलं की बहुधा तेही सिमिलीतच टाकतात. 'हे डोळे नव्हेत, ही कमळं' ही आपली अपन्हुती, तिला दहावीच्या इंग्रजी यादीत वेगळी खुर्चीच नाही. उलट ट्रान्सफर्ड एपिथेट आपल्या शालेय यादीत नाही. स्लीपलेस नाइट. झोप रात्रीला येत नाही असं नव्हे, माणसाला येत नाही, पण विशेषण रात्रीला चिकटवलंय.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. अ‍ॅलिटरेशन, म्हणजे जवळजवळच्या शब्दांची सुरुवात एकाच आवाजाने होणं, हे आवाजावर ठरतं, अक्षरावर नाही. आपल्या पोरांचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण देवनागरीत अक्षर आणि आवाज बहुतेक हातात हात घालून चालतात. 'क' लिहिला की 'क'च वाचायचा. इंग्रजीत 'कॅट' आणि 'सिटी' दोन्ही सी ने सुरू होतात, पण अ‍ॅलिटरेशन नाही. 'फोन' पी-एच ने आणि 'फॅन' एफ ने, पण आहे. 'नाइफ' आणि 'नाइट' आहे, मग सुरुवातीला के असो नाहीतर एन. म्हणून कविता आधी मोठ्याने वाचून घ्या, पुस्तक बंद ठेवून. ऐकून हात वर करा. नंतर पुस्तक उघडा.

चोपडेकर_मास्तर

अनुस्वार, दुसरा मुद्दा माझ्या कामाचा आहे. पोरं 'सी' खाली रेघा ओढत बसतात. कान वापरायला लावतो.

खापरावरचे_मांडे

खान्देशात अलंकारांचा धागा निघाला आणि इतक्या प्रतिसादांत बहिणाबाई आल्या नाहीत? विद्यापीठाला त्यांचं नाव दिलंय, धाग्याला नको?

मास्तर, मराठीतून जायचं असेल तर उपमेय-उपमानाच्या व्याख्यांतून नका जाऊ, बहिणाबाईंमधून जा. संसार हा चुलीवरच्या तव्यासारखा आहे हे सांगताना त्या 'जसा' वापरतात. मनाबद्दल बोलताना मात्र ते थेट उभ्या पिकात शिरलेलं ढोर असतं, मध्ये 'जसा' नाही. एक सिमिली, एक मेटाफर, दोन्ही कविता पोरांना पाठ. एकाच बाईच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. आणि ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिने हे केलंय, हे सांगितलं की 'अलंकार म्हणजे हुशार पोरांचं काम' ही भीतीही कमी होते.

तापीचं_पाणी

+१. अहिराणीची ताकदच वेगळी.

असोद्याचा_पाहुणा

अहिराणी नव्हे हो! बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली. असोदा-जळगाव पट्ट्यातली. बाहेरचे लोक खान्देशातलं सगळंच अहिराणी समजतात, निदान आपण तरी...

साक्रीकर

मग आमच्या अहिराणीचं काय ते पण बोला. धुळे-साक्री-मालेगावकडे 'शे' म्हणतो, तुमच्याकडे 'आहे' चालतं. पण एकाच नदीचं पाणी पितो ना भो.

असोद्याचा_पाहुणा

एकाच नदीचं? साक्रीला पांझरा, आम्हाला गिरणा-वाघूर.

साक्रीकर

शेवटी सगळ्या तापीतच जातात. सिनेकडकी समजा!

अनुस्वार

ही सिनेकडकी नाही. सिनेकडकी म्हणजे भागावरून पूर्ण किंवा पूर्णावरून भाग. 'घरात खाणारी सात तोंडं आहेत' ही सिनेकडकी. तुमची नदी नाही.

भरीत_पार्टी

घरात खाणारी सात तोंडं आणि भरीत एका पातेल्याचं. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

चोपडेकर_मास्तर

लेवा-अहिराणीचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे परत इंग्रजीवर या. शब्दांचं अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, केळीबाग भाऊ सोडून.

शिरपूरची_वाचक

मी इंग्रजीत एम.ए. केलंय, आता ज्युनिअर कॉलेजला शिकवते. शब्दांबद्दल एक आकडा महत्त्वाचा. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कुणाची मदत न घेता गोष्ट वाचून समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असा त्यातून निघालेला निष्कर्ष आजही सगळे देतात. म्हणजे शंभर शब्दांत दोन अनोळखी. आपल्या दहावीच्या पोरासमोरच्या उताऱ्यात शंभरात वीस अनोळखी असतील, तर तो वाचत नाही, चाचपडतो. अशा ठिकाणी मेटाफर ओळख म्हणणं व्यर्थ. ज्याला 'एम्बर' म्हणजे निखारा हेच माहीत नाही, त्याला रागाला निखारा म्हटलंय हे कसं दिसणार?

म्हणून क्रम असा ठेवते. कवितेतले अडणारे शब्द आधी मोकळे करून टाकते. सरळ अर्थ सांगते, मराठीत सांगते, लाज वाटू देत नाही. अलंकाराचा शोध दुसऱ्या वाचनात. पहिल्याच वाचनात सगळं काढायला गेलं की दोन्ही बुडतात.

आणि रोज पाच सुटे शब्द देऊ नका. एक शब्द द्या आणि त्याचं कुटुंब द्या. अ‍ॅक्ट, अ‍ॅक्टर, अ‍ॅक्शन, अ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्टिव्हिटी, रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्शन. प्रीफिक्स-सफिक्सचा प्रश्न पेपरात येतोच, ते काम परस्पर होतं.

पांढरा_अ‍ॅप्रन

शिरपूरच्या मॅडमच्या कुटुंबाला माझा पाठिंबा. मी मराठी माध्यमाची, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी पुस्तकं बघून रडायची वेळ आली होती. मग एका सिनिअर ताईने तुकडे शिकवले. शेवटी 'आयटिस' आलं की सूज किंवा दाह. हेपॅटायटिस, यकृत. नेफ्रायटिस, मूत्रपिंड. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. हायपरटेन्शन, हायपरअ‍ॅसिडिटी.

आणि त्या दिवशी मला शाळेतली हायपरबोली आठवली! तोच हायपर, प्रमाणाबाहेर गेलेलं बोलणं. दहावीला आम्ही तो शब्द 'हायपरबोल' वाचायचो आणि क्रिकेटमधला वाटायचा. तेव्हाच कुणी सांगितलं असतं की आजीच्या बीपीतला हायपर आणि हा एकच, तर कायमचं बसलं असतं. बीपीची गोळी आता कुठल्या घरात नाही?

वाघूर

हायपरबोली आमच्याकडे शिकवायला अवघड. सर म्हणतात, 'इट इज सो हॉट आय अ‍ॅम मेल्टिंग.' मे महिना, भुसावळ, पारा ४५ वर. पोरं म्हणतात, सर यात अतिशयोक्ती कुठे आहे?

निवृत्त_परीक्षक

😄 याला पूर्ण गुण.

लग्नपत्रिका

नावावर हसू नका, कारण आता कळेल. मी पारोळ्याकडे शिकवतो. शब्द टिकत नाहीत ही मास्तरांची तक्रार आहे, त्यावर माझ्याकडे जुना उपाय आहे. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली मांडलेली पेटी. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच वेगाने गळतं. मग रोज नवे पाच शब्द ओतून काय उपयोग? खालून गळती चालूच.

पद्धत : बुटाचं खोकं, आत पुठ्ठे लावून पाच कप्पे. एका कार्डावर पुढे इंग्रजी शब्द, मागे अर्थ आणि मुलाने स्वतः केलेलं वाक्य. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आलं की कार्ड दुसऱ्यात. दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, असं अंतर वाढत जातं. चुकलं की कार्ड कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पोरांना हे परत पहिल्यात जाणं फार लागतं, म्हणून मन लावून करतात.

कार्डाला खर्च नाही. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो. जाड कागद, मागची बाजू बहुतेक कोरी. एका पत्रिकेची चार कार्डं होतात. फक्त गणपतीचा भाग कापून बाजूला ठेवायचा, त्यावर घरचे ओरडतात.

धडगावची_मास्तरीण

हे उचलतेय. कार्डाच्या मागे मराठी अर्थाऐवजी चित्र किंवा घरच्या बोलीतला शब्द चालेल ना?

लग्नपत्रिका

धावेल. उलट तेच बरं. फक्त वाक्य पोराचं स्वतःचं पाहिजे, गाईडमधलं नको.

निवृत्त_परीक्षक

धागा सगळा वाचला. पेटी आवडली, तक्रार नाही. पण मास्तर, सहामाहीला आता दिवस किती उरलेत? खोकी कापेपर्यंत पेपर येईल. आत्तापुरती यादी पाठ करून घ्या, दिवाळीनंतर प्रयोग करा.

गिरणाकाठ

दिवाळीनंतर म्हणाल, मग प्रिलिम आली म्हणाल, मग बोर्ड. काका, तुमची दिवाळी येत नाही.

चोपडेकर_मास्तर

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते लिहितो, काही चुकत असेल तर टोका.

दहावीला निवृत्त सरांचं ऐकतो. सहामाहीपर्यंत यादी, पण लांब नाही. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, रिपिटिशन, हायपरबोली, ओनोमॅटोपिया, बस. प्रत्येकाला फ्रेअरचं चौथं घर सक्तीचं, आणि उत्तरात ओळ व कारण दोन्ही. कविता आधी पुस्तक बंद ठेवून ऐकवणार.

नववीला पेटी. पत्रिका गोळा करायला सांगितल्या आहेत, आज एकाने पिशवीभर आणल्या, त्यात दोन अजून न वाटलेल्या निघाल्या. घरी फोन करून परत केल्या. पहिल्या कार्डांवर धड्यातले शब्द न घालता पोरांनी घरून आणलेले इंग्रजी शब्द घालतो, केळीबाग भाऊंच्या पद्धतीने. आमच्याकडे केळी आहेच, कापूसही.

मराठीतून जावं का, याचं उत्तर माझ्यापुरतं असं की कवितेतून जावं, व्याकरणाच्या पुस्तकातून नाही. बहिणाबाईंच्या दोन ओळी फळ्यावर शेजारी लिहिणार. ज्या मुलांच्या घरी पावरी आहे, अशी दोघं माझ्याही वर्गात आहेत, त्यांच्यापासून धडगावच्या मॅडमसारखी आवाजाने सुरुवात.

एकच अडलंय. ओनोमॅटोपिया ओळखतात बरोबर, पण स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. चुकलं तर गुण कापतात का?

निवृत्त_परीक्षक

ओळखू येण्याइतपत लिहिलेलं असेल तर मी कधी कापला नाही. पण तपासणारा मी असेन असं नाही. बरोबरच लिहायला शिकवा.

पांढरा_अ‍ॅप्रन

सर, तुकडे करा. ओनो, मॅटो, पोएइया. आम्ही औषधांची नावं अशीच पाठ करतो. शेवटचे चार स्वर, ओ-ई-आय-ए, ते तेवढे फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर पुसू नका.

भरीत_पार्टी

फळ्याचा कोपरा आमच्या शाळेत 'उपस्थिती - अनुपस्थिती'साठी राखीव असतो.

चोपडेकर_मास्तर

दुसरा कोपरा आहे. उद्या लिहितो.